जुन्या लेथचा फीड स्क्रू आणि नट झिजलाय? आधी मोजा, मग खोला

जुना लेथ घेतला की नव्या मालकाची पहिली तक्रार ठरलेली असते, क्रॉस स्लाइडचं (टूलला कापायच्या जॉबकडे आत-बाहेर नेणारी स्लाइड) हँडल पाव फेरा नुसतंच फिरतं आणि टूल जागचं हलत नाही. मग कोणीतरी सल्ला देतं की नट (हँडलच्या फीड स्क्रूवर चालून स्लाइड हलवणारा) गेलाय, नवीन टाक. गडी गनमेटलचा तुकडा आणतो, ओळखीच्या टर्नरकडून नट करून घेतो, बसवतो आणि बघतो तर काय, मधल्या भागात हँडल अजूनही ढिलं आणि टोकाकडे गेलं की इतकं आवळ की दोन्ही हातांनी फिरवावं लागतं. नट चांगलाच होता, टर्नरनेही काम चोख केलेलं, पण दुखणं भलतीकडेच होतं.

म्हणून एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. बॅकलॅश, म्हणजे हँडलची ही नुसती फिरणारी ढिल, असणं हा काही फार मोठा गुन्हा नाही, टर्निंग करताना आपण कायम एकाच बाजूने टूल आत घेतो, मागे आणायचं तर अर्धा फेरा जास्त मागे घेऊन परत पुढे येतो, त्यात ढिल आपोआप निघून जाते. सगळीकडे सारखा ०.२ मिमी बॅकलॅश असेल तर त्या लेथवर आयुष्यभर चांगली कामं निघतात. वाईट असतो तो जागेनुसार कमीजास्त होणारा बॅकलॅश, कारण तिथे स्क्रूच्या आट्यांची पिचच (दोन आट्यांमधलं अंतर) बिघडलेली असते आणि हँडलवरची डायल खोटं बोलायला लागते. मिलिंगवर मात्र जास्त ढिल धोक्याची, क्लाइम्ब मिलिंग (कटर फिरतो त्याच दिशेने जॉब सरकवणं) करताना कटर टेबल ओढून घेतो आणि टूल, जॉब, कधी कधी बोट, सगळंच जातं.

मी इथे क्रॉस स्लाइड धरून सांगतोय कारण सगळ्यात आधी तीच जाते, पण कंपाउंडला (क्रॉस स्लाइडवरची छोटी, फिरवता येणारी स्लाइड) आणि मिलिंगच्या टेबलला हेच सगळं लागू आहे.

मोजायचं कसं

मशीनचा प्लग काढा. गिब पट्टी (स्लाइडची बाजूची ढिल काढणारी पट्टी) व्यवस्थित अ‍ॅडजस्ट करा, ढिली पट्टी असेल तर मोजमाप उगीच हलतं. मॅग्नेटिक स्टँडवर डायल गेज लावा, त्याचं टोक क्रॉस स्लाइडला टेकवा आणि स्लाइड हाताने जोरात पुढे-मागे ढकला, हँडल फिरू द्यायचं नाही. समजा काटा ०.८ मिमी हलला. ही झाली एकूण ढिल, आणि बहुतेक लोक इथेच थांबतात आणि ०.८ चं सगळं खापर नटावर फोडतात.

आता दुसरा डायल गेज, किंवा तोच उचलून, हँडलच्या तोंडावर म्हणजे स्क्रूच्या टोकावर लावा आणि स्लाइड परत ढकला. हँडलच ०.३५ मिमी आत-बाहेर होत असेल तर तेवढी ढिल आट्यांमधली नाहीच, ती स्क्रूच्या कॉलरची (स्क्रूला ब्रॅकेटमध्ये धरणारं कडं) आहे, ब्रॅकेटमध्ये स्क्रू मागेपुढे सरकतोय. राहिले ०.४५. त्यातही नट ज्या बोल्टने स्लाइडला धरलाय तो बोल्ट सैल आहे का बघा, जुन्या मशीनवर तो सैल नसेल तरच आश्चर्य. खालून किंवा मागून बोट घालून नटाला हात लागत असेल तर स्लाइड हलवताना नट आणि स्लाइडच्या सांध्यावर बोट ठेवा, फट हलतेय ते लगेच कळतं.

यापुढची पायरी सगळ्यात महत्त्वाची आणि सगळ्यात जास्त टाळली जाणारी. हेच मोजमाप स्लाइड पूर्ण अलीकडे आणून करा, मग मध्ये, मग पूर्ण पलीकडे, दर २०-२५ मिमीवर एकदा, आणि वहीत लिहून ठेवा. नट तर तोच आहे, मग जागा बदलली की आकडा बदलतोय याचा अर्थ फरक स्क्रूचा. मधे ०.४५ आणि न वापरलेल्या टोकाला ०.२५ आली तर ०.२५ च्या आसपास नटाची झीज आणि वरचे ०.२० स्क्रूची. रोजचं काम लहान व्यासाचं असतं, त्यामुळे स्क्रूचा ठरावीक ५०-६० मिमीचा पट्टाच झिजतो, बाकीचा नव्यासारखा राहतो.

माझा हिशोब असा, वेगवेगळ्या जागी फरक ०.१ मिमीच्या आत असेल तर नुसता नट बदला. ०.१५-०.२० च्या वर गेला तर स्क्रूसकट काम काढा, नाहीतर ते मधे ढिलं-टोकाला आवळ प्रकरण तुमच्याच नशिबी.

एक छोटी सूचना, काही लेथच्या डायलवर रेघा व्यासाच्या हिशोबाने मारलेल्या असतात, म्हणजे डायलवर ०.१ दिसतं तेव्हा स्लाइड ०.०५ च सरकते. तुमची कुठली आहे ते डायल गेजने आधी ताडून घ्या.

स्वस्तात सुटतंय का बघा

कॉलरची ढिल काढणं हे अर्ध्या दिवसाचं आणि जवळजवळ फुकटचं काम. हँडल आणि डायल काढली की मागे चेक नट असतो, तो आवळा आणि लॉक करा. तेवढ्याने जात नसेल तर कॉलरचा फेस झिजून त्यात खड्डा पडलेला असतो, तो लेथवर फेसिंग करून सरळ करा आणि तेवढ्या जाडीचा ब्रॉन्झचा वॉशर घाला. जागा असेल तर दोन्ही बाजूंना थ्रस्ट बेअरिंग बसवा, १२ मिमीच्या शाफ्टला ५११०१, १५ ला ५११०२, दोन्हींची जाडी ९ मिमी, त्यामुळे ब्रॅकेट किंवा स्पेसरमध्ये तेवढी जागा काढावी लागते. बेअरिंग टाकल्यावर हँडल इतकं हलकं फिरतं की जुना मालक आला तर ओळखणार नाही.

नट ब्रॉन्झचा किंवा गनमेटलचा आणि पुरेसा लांब असेल तर त्याला चिरून अ‍ॅडजस्टेबल करता येतो. स्क्रूच्या अक्षाला आडवी अशी हॅकसॉने चीर पाडायची, दोन तृतीयांश खोल, पूर्ण कापायचा नाही, दोन्ही बाजूला किमान चार-चार आटे राहिले पाहिजेत. मग एका अर्ध्यातून ग्रब स्क्रू (बिनडोक्याचा स्क्रू) घालून दुसऱ्या अर्ध्याला रेटायचा, चीर किंचित फाकते, एका अर्ध्याचे आटे स्क्रूच्या एका बाजूला टेकतात आणि दुसऱ्याचे दुसऱ्या, ढिल गेली. हे अ‍ॅडजस्टमेंट स्क्रूच्या न झिजलेल्या भागावर करायचं, मधल्या ढिल्या भागावर केलं की टोकाला जाऊन अडकलंच म्हणून समजा. बिडाचा नट असेल तर या फंदात पडू नका, तो फाकत नाही, तडकतो.

नवीन नट करायचा तर

आधी ठरवा की तुमच्याकडे आहे काय. बटाला, राजकोटची जुनी मशिनं आणि इंग्लंडहून आलेली कित्येक मशिनं इंचातली असतात, एचएमटीची मेट्रिक. पिच गेजवर विसंबू नका, जाड आट्यांना तो फसवतो. स्क्रूच्या न झिजलेल्या टोकावर दहा आटे सोडून व्हर्निअरने मोजा. ५०.० आले तर ५ मिमी पिच, ५०.८ आले तर इंचाला ५ आटे. डोळ्याला हे दोन्ही सारखेच दिसतात, पण आठ आट्यांच्या नटात ०.०८ चा फरक साठत साठत ०.६ मिमीवर जातो आणि नट तीन-चार आट्यांवरच अडकतो. अक्मी (इंचातला आटा) २९ अंशाचा आणि मेट्रिक ट्रॅपेझॉइडल ३० अंशाचा, त्या एका अंशाने काही बिघडत नाही, पिचने बिघडतं. फार जुन्या मशीनवर चौकोनी आटे पण भेटतात.

डावे आटे की उजवे हेही बघा. क्रॉस स्लाइडचे बहुतेक डावेच असतात, कारण हँडल घड्याळाच्या दिशेने फिरवल्यावर टूल जॉबकडे गेलं पाहिजे. दुकानदाराला नुसतं "२० बाय ४ चा टॅप द्या" म्हणाल तर तो उजवाच देणार, आणि ट्रॅपेझॉइडल टॅप स्वस्त येत नाही.

मटेरियल फॉस्फर ब्रॉन्झ किंवा गनमेटल. पितळ नको, ते मऊ, लवकर झिजतं. मुंबईत नागदेवी स्ट्रीटला, पुण्यात बोहरी आळीला किंवा कोल्हापुरात उद्यमनगरात पोकळ ओतीव बुश वजनावर मिळतो, तो घेतला तर ड्रिलिंग वाचतं. भरीव बार घेतला आणि ड्रिल करायचं असेल तर ड्रिलच्या धारा दगडावर हलक्याच घासून सपाट करून घ्या, नाहीतर ब्रॉन्झमध्ये ड्रिल स्क्रूसारखं घुसतं आणि जॉब चकमधून उपटतं.

आता नवख्यांचा नेहमीचा प्रश्न, ज्या लेथचा नट काढलाय त्याच लेथवर नट कसा बनवणार? जुना नट परत लावून काम होत असेल तर उत्तमच. नसेल तर क्रॉस स्लाइडच्या गिबचे स्क्रू आवळून ती जागेवर लॉक करा, कंपाउंड फिरवून बेडला काटकोनात आणा आणि कंपाउंडनेच टूल मागे-पुढे घ्या. थोडं अडचणीचं आहे पण आटे झकास पडतात.

मापं टीआर २० बाय ४ (ट्रॅपेझॉइडल, २० मिमी व्यास, ४ मिमी पिच) धरून सांगतो. नटाचं भोक १६ मिमी, आतला मोठा व्यास २०.५, स्क्रूचा तळ १५.५. बोअरिंग बार १२ मिमीच्या आसपास, जितका जाड आणि आखूड बसेल तितका चांगला. टूलला वरचा रेक (टूलच्या वरच्या तोंडाचा उतार) शून्य ठेवा, ब्रॉन्झला रेक दिला की टूल खेचतं. टूलच्या बाजूला क्लिअरन्स देताना हेलिक्सचा कोन (आट्यांचा तिरकेपणा) विसरू नका, या मापाला तो साधारण ४ अंश येतो, म्हणजे पुढच्या बाजूला नेहमीच्या ४ मध्ये आणखी ४ घालून ८ अंश, नाहीतर टूलची टाच घासत राहते आणि आटे खरखरीत येतात. एका फेरीत ०.१ च्या वर जायची घाई नको. शेवटी गेज म्हणून दुसरं काही नको, स्वतःचा स्क्रूच लावून बघा, पण तोही न झिजलेल्या टोकाने.

आणि नट आवळ बसला म्हणून व्हॉल्व्ह ग्राइंडिंग पेस्ट लावून घुमवणारे महाभाग असतात, तसलं अजिबात करू नका. पेस्टचे कण मऊ ब्रॉन्झमध्ये रुतून बसतात, कितीही रॉकेलने धुतलं तरी निघत नाहीत, आणि मग तुमचा नट हाच स्क्रूला घासणारी कानस होतो. आवळ असेल तर परत एक हलकी फेरी मारा.

ज्यांच्याकडे ब्रॉन्झला पैसे नाहीत किंवा मशीन हलकं आहे त्यांच्यासाठी डेलरीनचा, म्हणजे अ‍ॅसिटल प्लॅस्टिकचा, उपाय आहे. अ‍ॅसिटलच्या ठोकळ्याचे दोन अर्धे करायचे, स्क्रू गॅसच्या बर्नरवर तापवायचा, व्हाइसमध्ये त्या दोन तुकड्यांच्या मधे दाबायचा, प्लॅस्टिक वितळून आट्यांचा हुबेहूब साचा बनतो. पुरतं थंड व्हायच्या आधीच स्क्रू थोडा थोडा फिरवत राहायचा म्हणजे चिकटत नाही. बॅकलॅश जवळजवळ शून्य येतो. पण हा पदार्थ १६५-१७५ अंशाला वितळतो आणि त्याच्या फार पुढे तापवला तर फॉर्मल्डिहाइडचा गॅस निघतो, डोळे आणि घसा जाळतो, त्यामुळे हे काम अंगणात, वाऱ्याकडे पाठ करून, आणि ज्वाला थेट प्लॅस्टिकवर कधीच नाही. स्क्रूचा झिजलेला भाग वापराल तर साचाही तसाच येईल हे सांगायला नको.

स्क्रूच गेला असेल तर

दोन रस्ते आहेत. पहिला, जुन्या स्क्रूचेच आटे पुन्हा मारून घेणे. स्क्रू सेंटरमध्ये लावा, आधी बाक बघा, वाकडा असेल तर सरळ केल्याशिवाय पुढचं सगळं वाया. मग टूल आट्यात बरोबर बसवून दोन्ही बाजू अगदी थोड्या थोड्या घासत न्यायच्या, सगळ्यात झिजलेल्या जागेपर्यंत पूर्ण लांबी एकसारखी होईतो. आटे बारीक होतील, होऊ देत, पिच सारखी झाली म्हणजे झालं. मात्र आता बाजारातला टॅप या स्क्रूला चालणार नाही. स्क्रूचे आटे बारीक झाले म्हणजे नटाची खाच त्या मानाने अरुंद हवी, तेव्हा नट सिंगल पॉइंट टूलनेच, त्या स्क्रूला मापून. जुन्या कसबी टर्नरना हे काम सांगा, खूश होऊन करतात.

दुसरा रस्ता म्हणजे जुन्या स्क्रूचं हँडलकडचं टोक ठेवायचं आणि पुढे नवीन आट्यांचा बार जोडायचा. मला हा जास्त आवडतो, कारण चावीचा गाळा, डायलची सीट, हँडलचा टेपर हे सगळं जसंच्या तसं राहतं. सीएनसीवाल्यांच्या कृपेने रोल केलेला ट्रॅपेझॉइडल बार मीटरच्या लांबीत मिळतो, डावे आटे मागून घ्यावे लागतात. इंचातली मशीन असेल तर मात्र स्वतःच पाडावे लागतात. त्याला ईएन ८ (मध्यम कार्बनचं स्टील) घ्या, कटिंग बरं होतं आणि झिजेलाही बरं.

जोडायची पद्धत अशी. जुना स्क्रू आट्यांच्या थोडं अलीकडे कापा. राहिलेला शँक फोर जॉ चकमध्ये धरून डायल लावून खरा फिरवा, थ्री जॉवर भरवसा नको. त्यात मधोमध १२ मिमीचं भोक, २५ मिमी खोल, ड्रिल करून मग बोअर करा. २० मिमीच्या शँकला यात ४ मिमीची भिंत उरते, पुरेशी आहे. नवीन बारच्या टोकाला १२ मिमीचा स्पिगॉट (भोकात बसणारं बारीक टोक) काढा, साधारण ०.०३-०.०५ सैल, कारण मधे लॉकटाइट ६३८ (धातूचे भाग पक्के चिकटवणारा द्रव) जाणार आहे आणि त्याला शिरायला जागा हवी. भोकातून हवा निघायला स्पिगॉटवर एक बारीक खाच मारा, नाहीतर आत घातलेला बार परत बाहेर ढकलला जातो आणि तुम्हाला वाटतं तळ लागला. दोन्हीकडचं तेल थिनरने पुसून जोडा, २४ तास हात लावू नका, मग आडवं ४ मिमीचं भोक मारून टेपर पिन ठोका.

स्वतः आटे पाडणार असाल तर डाव्या आट्यांसाठी टंबलर (कॅरेजची दिशा उलटवणारे गिअर) उलटा करायचा, जॉब नेहमीसारखाच पुढे फिरतो पण कॅरेज चककडून टेलस्टॉककडे येते. सुरुवात करायला चकच्या बाजूला तळाच्या व्यासाचा एक गाळा आधी मारून ठेवा, टूल तिथून आत घ्यायचं. ४ च्या पिचला टूलच्या टोकाची रुंदी १.३३ मिमी आणि एकूण खोली २.२५. वेग ५० आरपीएमच्या आसपास, तेल भरपूर. ४०० मिमी लांब आणि २० जाड बार मधे झोका खातो, ट्रॅव्हलिंग स्टेडीशिवाय (कॅरेजबरोबर सरकत बारला टेकू देणारा आधार) करू नका. थोडं अरुंद टूल घेऊन आधी खोली गाठायची, मग एकेक बाजू वेगळी साफ करायची, दोन्ही बाजू एकदम कापायला गेलं की कंप सुटतो. आणि ज्या लेथवर पाडताय त्याचा लीड स्क्रू (आटे पाडताना कॅरेज ओढणारा) चकजवळ झिजलेला असेल तर ती चूक तुमच्या नव्या स्क्रूत उतरते, त्यामुळे शक्यतो टेलस्टॉककडच्या भागात काम धरा.

बसवताना

इतकी मेहनत करून लोक इथे वाट लावतात. नट बोल्टने कचकन आवळतात, आणि नटाचा मध्य आणि स्क्रूचा मध्य अर्ध्या मिमीने जरी वरखाली असला तरी स्लाइड ब्रॅकेटजवळ आली की हँडल जड होतं, लांब गेली की हलकं, कारण लांब स्क्रू थोडा वाकून घेतो. म्हणून नटाचा बोल्ट आधी नुसता टेकवा, स्लाइड पूर्ण ब्रॅकेटकडे आणा म्हणजे स्क्रू नटाला आपोआप जागेवर नेईल, तिथे बोल्ट आवळा. आवळताना हँडल दुसऱ्या हाताने हलवत राहा, जड झालं त्या क्षणी थांबा आणि नटाच्या वर शिम (पातळ पत्र्याची पट्टी) घाला किंवा वरचा फेस थोडा घासा. ब्रॅकेटचे स्क्रूही याच पद्धतीने, सगळ्यात शेवटी.

नटाला वरून तेलाचं भोक आहे ना, ते बुजलेलं असतं, बारीक ड्रिल हाताने फिरवून मोकळं करा. नसेल तर नट बसवायच्या आधीच ३ मिमीचं एक मारून घ्या. ग्रीस नको, त्यात बिडाचा भुगा चिकटतो, साधं स्लाइडवे तेल ६८ नंबरचं.

पहिले काही दिवस ढिल किंचित वाढते, नवे आटे बसतात. पंधरवड्याने तीच वही काढा आणि त्याच जागांवर परत मोजा. आकडे सगळीकडे सारखे वाढले असतील तर कॉलरचा चेक नट एकदा परत आवळा, आणि नटाचा बोल्ट नाहीतर टेपर पिन सैल नाही ना तेही बघा. एकाच जागी वाढले असतील तर फरक स्क्रूचा, तिथले आटे बघा.